नियमांतून भाषा, नियमांतून रांगोळी

कवायतीच्या तासास मुले एका रांगेत उभी राहतात आणि गुरुजींच्या आज्ञेसरशी एका टोकाकडून 'एक', 'दोन', 'एक', 'दोन' असा पुकारा सुरू होतो. रांगेत एकंदर किती मुले आहेत हे त्यांपैकी एकाही मुलास मोजावे लागत नाही. प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचा शब्द ऐकावयाचा आणि आपण दुसरा उच्चारावयाचा, एवढेच काम. तरीही शेवटच्या मुलाने 'दोन' म्हटले तर संख्या सम आणि 'एक' म्हटले तर विषम, हे निश्चित कळते. रांग वीस मुलांची असो अथवा दोन हजारांची, ध्यानात ठेवावयाची गोष्ट एकच: नुकताच कोणता शब्द उच्चारला गेला. गणितशास्त्रात ज्यास 'स्वयंचल यंत्र' म्हणतात त्याचे याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल. येथे 'यंत्र' या शब्दाने लोखंडी चाकांचे अथवा विजेवर चालणारे साधन अभिप्रेत नाही. मोजक्या अवस्था असाव्यात, बाहेरून एकामागून एक खुणा याव्यात, आणि चालू अवस्था व आलेली खूण या दोहोंवरून पुढील अवस्था नियमाने ठरावी, एवढे झाले की यंत्र सिद्ध झाले.

हाच खेळ थोडा वाढवून पाहण्यासारखा आहे. अंगणात फक्कीने तीन रिंगणे आखावीत व त्यांस ०, १ आणि २ असे अंक द्यावेत. एका मुलीस ० च्या रिंगणात उभे करावे व दुसऱ्या मुलाने एखादी मोठी संख्या डावीकडून एकेक अंक करून वाचावी. ०, ३, ६ अथवा ९ वाचला गेला तर मुलीने जागचे हलू नये. १, ४, ७ यांपैकी अंक आला तर एक रिंगण पुढे जावे. २, ५, ८ यांपैकी आला तर दोन रिंगणे पुढे जावे. २ नंतर पुन्हा ० येते. ४७२५ ही संख्या वाचली असता मुलगी ० वरून १ वर, तेथून २ वर, मग पुन्हा १ वर, आणि अखेरीस ० वर येऊन थांबते. म्हणजे संख्येस ३ ने निःशेष भाग जातो. ५२१८ वाचली तर ती १ वर थांबते, आणि बाकीही १ च उरते. १० ला ३ ने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून संख्येच्या पुढे नवा अंक लिहिला तरी आधीची बाकी बदलत नाही, तिच्यात फक्त नव्या अंकाची भर पडते. सारे मर्म एवढेच आहे. ज्या कसोटीचे शब्द मुले घोकून म्हणतात तिचे कारण येथे पायांखाली दिसते. शंभर अंकांची संख्या दिली तरी रिंगणे तीनच पुरतात, हे पाहून मुलांस जे आश्चर्य वाटते ते वाटू द्यावे. लगेच पुढील उदाहरणाकडे वळू नये.

संगणक नाही, अथवा आहे पण विजेअभावी कापडाखाली झाकून ठेवला आहे, तेव्हा संगणकीय विचार मुलांस कोठून शिकवावयाचा, अशी विचारणा शिक्षकांच्या बैठकांत होत असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने गणितीय व संगणकीय विचारावर भर दिल्यापासून तर हा प्रश्न अधिकच बोचू लागला आहे. या विचारणेत तथ्य नाही असे नव्हे, आणि यंत्रसामग्रीची उणीव ही उणीवच होय. परंतु ज्या शास्त्रावर संगणक उभा आहे ते शास्त्र संगणकाच्या आधी जन्मले, ही गोष्ट विसरता कामा नये. ॲलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली गणन म्हणजे काय याची मीमांसा केली, तेव्हा आज आपण ज्यास संगणक म्हणतो तो अस्तित्वातच नव्हता. त्याच्यापुढे होता तो हाताने हिशेब करणारा माणूस, पेन्सिल आणि चौकोनांत विभागलेला कागद. लहान मुलांच्या अंकगणिताच्या वहीतील चौकोनांचा उल्लेख त्या निबंधात स्वतः ट्यूरिंगनेच केलेला आहे.

आता या रिंगणांच्या यंत्राची मर्यादा पाहू, कारण मर्यादा उमगल्याखेरीज यंत्र उमगत नाही. गणितातील उदाहरणात कंस उघडतात आणि मिटतात; जेवढे उघडले तेवढे मिटले पाहिजेत. कंस बरोबर मिटले की नाही हे रिंगणांच्या यंत्रास सांगता येईल काय? समजा, अंगणात दहा रिंगणे आहेत. अद्याप कंस उघडला नाही, एक उघडला, दोन उघडले, याप्रमाणे दहा उघडले, येथपर्यंत अकरा निरनिराळ्या स्थिती होतात. रिंगणे मात्र दहाच. तेव्हा कोणत्या तरी दोन स्थितींत मूल एकाच रिंगणात उभे असणार; समजा, चार कंस उघडल्यावर आणि सात कंस उघडल्यावर. आता दोन्ही वेळी चार कंस मिटवा. पहिले उदाहरण बिनचूक आहे, दुसऱ्यात तीन कंस उघडेच राहिले आहेत. परंतु मूल एकाच रिंगणातून निघाले आणि त्याला खुणाही त्याच मिळाल्या, म्हणून ते पोचणारही एकाच रिंगणात. यंत्राचा निवाडा दोहोंविषयी सारखाच पडणार, आणि तो एका ठिकाणी चुकणार. रिंगणे शंभर केली, हजार केली, तरी युक्तिवाद तोच राहतो. नियम लिहिणाऱ्याच्या बुद्धीचा हा दोष नव्हे. साठवणच अपुरी आहे.

अशा वेळी घरातील उतरंड उपयोगी पडते. उतरंडीत शेवटी ठेवलेले मडके आधी काढावे लागते, खालच्यास मध्येच हात लावता येत नाही. साधा कंस उघडला की लहान मडके ठेवावे, महिरपी उघडला की मधले, चौकटी उघडला की मोठे. आणि कंस मिटला की वरचे मडके काढून ते त्याच जातीचे आहे की नाही हे पाहावे. (मडक्यांच्या आकारास येथे महत्त्व नाही, शाळेत रंगीत पुठ्ठ्याचे तुकडेही चालतील, आणि फुटण्याचे भय नाही.) शेवटी उतरंड रिकामी झाली व मध्ये कोठेही विजोड मडके निघाले नाही, तर कंस बिनचूक. रिंगणांच्या यंत्रास उतरंडीची जोड मिळाली की ते एक पायरी वर चढते.

हे केवळ गणिताच्या कंसांपुरते नाही. मराठी वाक्यातील 'जर' हा उघडणारा कंस आहे आणि 'तर' हा मिटणारा. 'जर पाऊस वेळेवर आला तर पेरणी होईल' हे वाक्य सरळ आहे. आता, 'जर, जर पाऊस वेळेवर आला तर पेरणी होईल हे तुमचे म्हणणे खरे असेल, तर बियाणे आजच आणून ठेवा' हे वाक्य घ्या. येथे पहिला 'जर' उघडून ठेवलेला आहे, आतल्या जोडीचे काम उरकते, आणि मग बाहेरचा 'तर' येतो. व्याकरणदृष्ट्या आणखी एक जोडी आत घालण्यास हरकत नाही, मात्र ऐकणारा गोंधळून जाईल. माणसाच्या मनातील उतरंड दोन-तीन मडक्यांचीच असते. नियमाने मात्र तशी मर्यादा घातलेली नाही. नियमाचे सामर्थ्य आणि नियम पाळणाऱ्याची स्मृती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांचे लेखन तपासताना हा भेद उपयोगी पडतो. लांब वाक्यात मुलाने 'तर' गाळला तर त्यास नियम ठाऊक नाही असे एकदम ठरवू नये. पुष्कळदा मडके विसरलेले असते.

येथवर यंत्राने दिलेली माळ तपासली. व्याकरण हे याच कामाचे दुसरे अंग होय: ते माळ निर्माण करते. 'वाक्य' या खुणेच्या जागी 'कर्ता, कर्म, क्रियापद' लिहा. 'कर्ता' याच्या जागी 'मुलगी' अथवा 'आजी'. 'कर्म' याच्या जागी 'भाकरी' अथवा 'चटणी'. 'क्रियापद' याच्या जागी 'करते' अथवा 'खाते'. एवढ्या नियमांतून आठ वाक्ये निघतात आणि आठच निघतात. परंतु एखाद्या नियमाच्या उजव्या बाजूस तीच खूण पुन्हा आली की मोजदाद संपते. 'मामाचा मुलगा' यावरून 'मामाच्या मुलाचा मुलगा', त्यावरून 'मामाच्या मुलाच्या मुलाचा मुलगा', असे हवे तेवढे वाढविता येते. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि त्यात सामान्यरूपाचा पाठ आपोआप होतो: शेवटचा 'मुलगा' तसाच राहतो, मधले सारे 'मुला' होतात. म्हणजे एखाद्या खुणेच्या जागी काय लिहावयाचे हे तिच्या पुढे काय आहे यावर ठरते.

शेजाऱ्यावर अवलंबून असणारे असे नियम आपल्या देशात फार पूर्वी सूत्रबद्ध झाले. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सुमारे ४,००० सूत्रे आहेत. 'इति' व 'आदि' मिळून 'इत्यादि' कसे होते हे सांगताना पाणिनी शब्दांची यादी देत नाही. कोणत्या वर्णांच्या जागी, पुढे कोणते वर्ण आले असता, कोणते वर्ण यावेत, एवढेच तो सांगतो, आणि त्या वर्णसमूहांसही त्याने दोन-दोन अक्षरांची संक्षिप्त नावे दिली आहेत. संगणकास आज्ञा देण्याच्या अल्गोल नामक भाषेचे वर्णन करण्यासाठी जॉन बॅकस यांनी १९५९ च्या सुमारास जी नियमलेखनाची पद्धत वापरली, तिला पाणिनीचेही नाव जोडावे अशी सूचना १९६७ साली पीटर इंगरमन यांनी केली होती. यावरून पाणिनीने संगणकाचा शोध लावला असे कोणी मुलांस सांगू लागेल तर तो अतिरेक होईल. पाणिनीचा हेतू संस्कृत भाषेचे यथार्थ वर्णन करणे हा होता, आणि ते काम त्याने ज्या काटेकोरपणे केले तोच त्याचा मोठेपणा.

१९५६ साली अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी नियमांचे व्याकरण कोणकोणत्या प्रकारचे असू शकते याची चर्चा केली, व पुढे त्यांतून चार पायऱ्यांची उतरण सिद्ध झाली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की या पायऱ्या यंत्रांच्या पायऱ्यांशी तंतोतंत जुळतात. सर्वांत साध्या व्याकरणाने निर्माण होणाऱ्या माळा रिंगणांचे यंत्र ओळखते. एकेका खुणेच्या जागी, शेजारी कोण आहे हे न पाहता, वाटेल ती ओळ लिहू देणाऱ्या व्याकरणास उतरंडीचे यंत्र लागते. शेजार पाहणाऱ्या व्याकरणास, दिलेल्या माळेच्या प्रमाणात लांब असा, लिहिण्या-पुसण्याचा कागद लागतो. आणि कोणतेही बंधन नसलेल्या व्याकरणास ट्यूरिंगची न संपणारी पट्टी. ज्याला माणसाचे बोलणे समजून घ्यावयाचे होते आणि ज्याला गणनाची मर्यादा शोधावयाची होती, ते दोघे निरनिराळ्या वाटांनी एकाच घाटमाथ्यावर पोचले.

उतरंडीचीही मर्यादा आहे. 'रामाला भाला मारा' हे उलटसुलट सारखे वाचले जाणारे वाक्य मुलांस ठाऊक असते. मधल्या 'भा' पर्यंतची अक्षरे उतरंडीवर ठेवीत जावे आणि मग एकेक काढून ताडून पाहावे. उलटा क्रम हा उतरंडीचा सहजस्वभावच असल्याने काम चटकन होते. परंतु एखादी लांब ओळ जशीच्या तशी, त्याच क्रमाने, दुसऱ्यांदा लिहिली आहे की नाही हे पाहावयाचे झाले तर एक उतरंड पुरत नाही, कारण आधी हवे असलेले अक्षर सर्वांत तळाशी गेलेले असते.

ओळीवरून आकृतीकडे वळताना नेमकी हीच अडचण उभी राहते. आकृतीत वरची ओळ खालच्या ओळीशी प्रत्येक जागी, त्याच क्रमाने, जुळावी लागते. या प्रश्नाचा अभ्यास आपल्या देशातच, मद्रासजवळील तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन कॉलेजमध्ये, गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी व कमला क्रितिवासन यांनी केला. त्यांनी १९७२ साली मांडलेल्या एका पद्धतीत आधी एका व्याकरणाने खुणांची आडवी ओळ तयार होते. मग त्या ओळीतील प्रत्येक खूण एकाच वेळी, एकाच गतीने, खाली उभी वाढत जाते, व चौकोनी चित्र पुरे होते. १९७४ साली त्यांनी असे नियम कोलमला लावून दाखविले. तमिळ स्त्रिया पहाटे दारापुढे तांदळाच्या पिठाने ठिपके मांडून व त्यांभोवती रेषा फिरवून जी रांगोळी काढतात तिला कोलम म्हणतात. काढणाऱ्या स्त्रीने गणित शिकलेले असेल वा नसेल. कोलम लहानाचा मोठा करताना कोणता भाग पुन्हा यावयाचा आणि कडेस काय बदलावयाचे, हे तिला अचूक ठाऊक असते. विद्वानांनी नियम शोधले याचा अर्थ ते तिच्या बोटांत आधीपासून होते.

आपल्याकडील ठिपक्यांच्या रांगोळीतही ही संक्षिप्तता आहे. 'पंधरा ते आठ' एवढे शब्द एका बाईने दुसरीस सांगितले की पुरे होते. मधल्या ओळीत पंधरा ठिपके. तिच्या वर व खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका येईल अशा ओळी. प्रत्येक ओळीत एक ठिपका कमी. आठ झाले की थांबावयाचे. पंधरा ओळी होतात आणि ठिपके होतात १६९. मुलांकडून ही बेरीज अवश्य करवून घ्यावी. दोन संख्या आणि एक नियम यांच्यात १६९ ठिपक्यांची जागा ठरून गेलेली असते.

यापुढचा प्रयोग पाटीवर करता येईल, व तो चौथीच्या पुढील मुलांस सहज झेपतो. विटांच्या भिंतीप्रमाणे, पण वरून खाली रुंदावत जाणाऱ्या ओळी आखाव्यात: पहिलीत एक वीट, दुसरीत दोन, तिसरीत तीन. पहिली वीट रंगवावी. पुढे प्रत्येक विटेच्या डोक्यावर असलेल्या दोन विटा पाहाव्यात. त्यांपैकी नेमकी एकच रंगविलेली असेल तर ही वीट रंगवावी, दोन्ही रंगविलेल्या असतील किंवा दोन्ही कोऱ्या असतील तर कोरी ठेवावी. कडेच्या विटेवर एकच वीट असते, म्हणून तिची दुसरी बाजू कोरी धरावी. आठ ओळी पुऱ्या झाल्या की त्रिकोणांच्या आत त्रिकोण दिसू लागतात आणि आठवी ओळ सबंध रंगून निघते. पहिल्या दोन ओळींत रंगीत विटा ३, पहिल्या चारांत ९, आठांत २७, सोळांत ८१. ज्या शिक्षकांनी वृत्तांचा अभ्यास केला आहे त्यांस हा मेरुप्रस्तार ओळखू येईल. पिंगलाच्या छंदःसूत्रांवरील टीकेत हलायुधाने दहाव्या शतकात त्याची रचना सांगितली आहे. लघु-गुरूंची किती मांडणी होते हे त्यावरून काढीत. त्या कोष्टकातील विषम संख्यांच्या जागा रंगविल्या की हीच आकृती येते. वाक्लाव्ह शेरपिन्स्की या पोलिश गणितज्ञाने १९१५ साली या आकृतीचे वर्णन केले, व ती आज त्याच्या नावाने ओळखली जाते. प्रत्येक विटेस केवळ आपले शेजारी दिसतात, सबंध चित्र एकीसही ठाऊक नसते. अशा जाळ्यांस पेशींची स्वयंचल यंत्रे म्हणतात. स्टॅनिस्लाव्ह उलाम व जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात त्यांचा विचार सुरू केला.

या प्रयोगात कोणीतरी चुकणारच, आणि प्रयोगाचा खरा लाभ तेथे आहे. चित्र बिघडले म्हणून पाटी पुसावयास सांगण्याची घाई करू नये. तीन-चार वर्षांचे मूल 'केले' ऐवजी 'करले' म्हणते, तेव्हा ते नियम मोडीत नसते. कोणी न शिकविलेला नियम ते एका अपवादावरही चालवीत असते. पाटीवरच्या मुलाचेही पुष्कळदा असेच होते: एका विटेत नजर चुकते, आणि पुढील सर्व विटा ते नियमाप्रमाणे बिनचूक भरीत जाते. चित्र पाहणाऱ्यास मात्र पंचवीस चुका दिसतात. अशा वेळी बरोबर पाटी व चुकलेली पाटी शेजारी ठेवावी आणि ज्या विटांत फरक आहे तेवढ्याच विटा तिसऱ्या पाटीवर रंगवाव्यात. चूक खरोखर एकच झाली असेल तर तिसऱ्या पाटीवर तोच त्रिकोण उमटतो, आणि त्याचे शिखर नेमके चुकलेल्या विटेवर असते. सोळा ओळींच्या चित्रात नवव्या ओळीत चूक झाली तर फरकाच्या विटा २७ भरतात, तेराव्या ओळीत झाली तर ९, पंधराव्यात ३, आणि सोळाव्यात एकच. चुकलेल्या मुलास शिखराची वीट स्वतः शोधू द्यावी. ती सापडली की तेथपर्यंतच्या ओळी तशाच ठेवून त्याने पुढच्या ओळी पुन्हा भराव्यात.